बावीस गावांचा कंटाळा, शंभरपैकी

रविवार, ५ फेब्रुवारी
हिला प्रमोशन मिळालं. आता इन्चार्ज सिस्टर. अभिनंदन केलं. मग कळलं की जागा कागद गिरणीच्या गावच्या हॉस्पिटलात आहे. केलेलं अभिनंदन परत घेता येत नाही.

राहायला क्वार्टर देणार आहेत. एकटीसाठी हवं असेल तर नर्सेस होस्टेलात एक खोली. फॅमिलीसाठी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे नळ. फॅमिलीच्या फॉर्मवर नवऱ्याची सही लागते की मीही तिथेच राहीन. मुदत १५ मार्च, संध्याकाळी पाच. फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवून ही ड्यूटीला गेली. जाताना म्हणाली, अहो, वाचा आणि सही करा, उगाच फाटे फोडू नका.

मी फाटे फोडत नाही. मी तपासतो. सव्वीस वर्षं राज्यभर वजनकाटे दुरुस्त करत हिंडतोय. बावीस गावांत गिऱ्हाइकं आहेत. मला हे काम कोणी शिकवलेलं नाही. मॅन्युअल आणि डिक्शनरी शेजारी-शेजारी ठेवून पहिला काटा उघडला तो मीच. कागद गिरणीचं गाव सगळ्यांत कंटाळवाणं आहे हे मला ठाऊक आहे. आता ते आकड्यांत दाखवायचं.

संकल्प: राज्यातल्या बावीस गावांची कंटाळ्यानुसार क्रमवारी. महिन्याभरात पूर्ण. ती वाचली की ही आपणहून म्हणेल, राहू दे ते प्रमोशन.

सोमवार, ६ फेब्रुवारी
निकष ठरले. प्रत्येकी वीस गुण.
एक, संध्याकाळी बाजारातली निम्मी शटरं किती वाजता पडतात.
दोन, बाकावर बसल्यावर अनोळखी माणूस किती मिनिटांनी बोलतो.
तीन, चौकातलं घड्याळ.
चार, 'काय नवीन?' असं विचारल्यावर दहांपैकी किती जण 'काही नाही' म्हणतात.
पाच, तासाभरात मला येणाऱ्या जांभया.

हिला वाचून दाखवले. पाचव्याला म्हणाली, तुम्हाला तर आपल्या लग्नाच्या फोटोतही जांभई आलीय. ती जांभई नव्हती, फोटोग्राफरने 'हसा' म्हटल्यावर मी हसायला सुरुवात केली होती. हे पूर्वीही सांगितलं आहे.

शुक्रवार, १० फेब्रुवारी
पहिलं गाव: जंक्शनचं. तिथे गोदामाचा काटा दुरुस्त करायचा होताच. बाकावर एकोणतीस मिनिटं. जांभया सात. एकूण ६१. उत्तम सुरुवात.

घरी आल्यावर ही म्हणाली, फॉर्मवर तुमचा चहाचा कप आहे. कप उचलला. गोल डाग पडलाय, पण सहीची जागा कोरडी आहे.

मंगळवार, १४ फेब्रुवारी
सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्याला सर्वेक्षणाबद्दल सांगितलं, कारण त्याने विचारलं. खरं तर त्याने 'मिशी ठेवायची ना?' एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, काय काटेवाले, कंटाळा मोजत गावोगाव फिरता, त्याचा कंटाळा नाही येत? म्हटलं, डॉक्टरला ताप येतो का? तो म्हणाला, येतो की. अडाणी माणूस. मिशी जरा वाकडी कापली.

बुधवार, २२ फेब्रुवारी
आज मुख्य मापन: कागद गिरणीचं गाव. दुपारी अडीचला चौकातल्या बाकावर बसलो. हातात घड्याळ.

तिसऱ्याच मिनिटाला एक रिटायर्ड पोस्टमन बुद्धिबळाचा पट घेऊन आला. म्हणाला, बसलाच आहात तर खेळा, नाहीतर सरका, दुसरा कोणी बसेल. सरकलो असतो तर बाक सुटला असता. नाइलाजाने खेळलो. तीन डाव हरलो. वाईट खेळलो म्हणून नाही, माझं अर्धं लक्ष शटरांकडे होतं. तरी शटरं कधी पडली ते टिपायचं राहिलं. साडेचारची बस चुकली, सहाचीही चुकली.

जांभया शून्य. कारण उघड आहे: बुद्धिबळात तोंड मिटून बसावं लागतं. घड्याळ चालू, पण अकरा मिनिटं पुढे. बंद घड्याळ दिवसातून दोनदा तरी बरोबर असतं, हे कधीच नाही. कंटाळ्याचे पूर्ण वीस दिले.

एकूण मापन सदोष. रद्द.

गुरुवार, २ मार्च
कागद गिरणीचं गाव, पुन्हा. मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसलो. पोस्टमन पट घेऊन तिकडेच आला. म्हणाला, अहो काटेवाले, आम्ही तिकडे वाट बघतोय, तुम्ही इकडे काय लपून बसलात? आम्ही म्हणजे तो, शिंपी आणि लायब्ररीतल्या बाई. बाई माझ्या बाजूने. शिंपी प्रत्येक चालीला 'गेला, गेला' म्हणतो, त्याने डोकं फिरतं. दोन डाव हरलो, एक बरोबरीत सोडवला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

'काय नवीन?' या प्रश्नाला एकानेही 'काही नाही' म्हटलं नाही. शिंपी तर वीस मिनिटं सांगत होता. लोकांना प्रश्न नीट कळलेला दिसत नाही.

मापन पुन्हा रद्द. तिसऱ्यांदा जावं लागेल, इलाज नाही. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, इलाज नाही म्हणून जाताना माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो का?

रविवार, ५ मार्च
मुलीचा फोन. हिनेच करायला लावला असणार. म्हणाली, बाबा, आईला यादी नकोय, उत्तर हवंय. तुला जायचंय की नाही? मी तिला सरासरी कशी काढतात ते पहिल्यापासून समजावलं. ती म्हणाली, बाबा, कुकरची शिट्टी होतेय, ठेवते. शिट्टी मला ऐकू आली नाही.

ही शेजारीच बसून मटार सोलत होती. म्हणाली, काटे दुरुस्त करायला तुम्ही तसेही गावोगाव फिरता, मग इथून निघालात काय आणि तिथून निघालात काय? मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्याला आकड्यांचा आधार नाही.

गुरुवार, ९ मार्च
एकवीस गावं पूर्ण. कागद गिरणीसाठी रद्द मापनांचीच सरासरी धरली: २३. कमी वाटते. पुढे दुरुस्त होईल.

सलूनवाल्याने आज विचारलं, आणि आपल्या गावाला किती? यादी काढून पाहिली. आपलं गाव यादीतच नाही. जिथे आपण राहतो ते गाव मोजायचं असतं हे सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, बघा बुवा, काटेवाल्याच्याच घरचा काटा राहिला.

लगेच चौकातल्या बाकावर जाऊन बसलो. दोन तास दहा मिनिटं. ओळखीचे चौदा जण समोरून गेले. झाडूवाली फक्त 'पाय उचला' म्हणाली. याला संभाषण धरायचं का? धरलं. घड्याळ गेल्या वर्षापासून काढून नेलेलं आहे. जांभया एकोणीस.

एकूण ९४. कच्चा आकडा. कोणाला सांगितला नाही.

शनिवार, ११ मार्च
सकाळी आंघोळ करताना मार्ग सापडला. तेल तोलताना आधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करतात. मी ज्या गावात राहतो त्याचा कंटाळा माझ्या अंगाला लागलेला असणार, म्हणजे तो डबा. तो प्रत्येक गावातून वजा केला की उरेल तो त्या गावाचा निव्वळ कंटाळा. एवढी साधी गोष्ट शिकल्या-सवरलेल्या लोकांना सुचली नसती.

प्रत्येक आकड्यातून ९४ वजा केले. जंक्शन उणे ३३. कागद गिरणी उणे ७१. बावीसच्या बावीस उणे. तीनदा तपासलं. गणितात चूक नाही. पद्धतीतही नाही. सव्वीस वर्षांत मी कोणासाठीही काटा एक ग्रॅमभर इकडचा तिकडे केलेला नाही, तेव्हा यादीतही केला नाही. होती तशी हिच्यासमोर ठेवली.

हिने चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाली, म्हणजे राज्यातलं कुठलंही गाव आपल्यापेक्षा बरं, आणि माझं सगळ्यांत बरं. एवढं स्वतःच्या हाताने लिहिलंत, आता एक सही करा.

मी समजावलं. काटा उणे दाखवायला लागला तर माल तोलायचा नसतो, आधी शून्य तपासायचं असतं. म्हणजे सर्वेक्षण पहिल्यापासून. ही म्हणाली, किती दिवस? म्हटलं, सहा आठवडे, घाई केली तर पाच. हिने कॅलेंडरकडे पाहिलं. मग वाळलेले कपडे घड्या करायला घेतले. माझे माझ्या बाजूला, तिचे तिच्या.

पटलं असावं.

बुधवार, १५ मार्च
फॉर्मची शेवटची तारीख. विसरलेलो नाही. संध्याकाळपर्यंत काहीतरी ठरवायचं असं सकाळीच ठरवलं होतं. मध्ये वेळ फुकट जाऊ नये म्हणून जंक्शनचं मापन उरकायला गेलो. तिथे बाकाला रंग देत होते, वाळेपर्यंत थांबावं लागलं. घरी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

टेबल रिकामं. पुसलेलं. ही म्हणाली, चार वाजेपर्यंत वाट पाहिली, मग एकटीचा फॉर्म भरून दिला. त्याला तुमची सही लागत नाही.

ऑफिसची पद्धत सोपी आहे म्हणायची.

रविवार, २६ मार्च
हिला बसमध्ये बसवून दिलं. दोन बॅगा आणि एक पिशवी. सूचना: दूध अर्धा लिटरच सांगितलंय, गीझर बंद करायला विसरू नका, निळा शर्ट वेगळा धुवा, रंग जातो. खिडकीतून म्हणाली, काही सांगायचंय का? मी घड्याळ पाहून म्हटलं, बस चार मिनिटं उशिरा सुटतेय. हो, म्हणाली.

सहा मिनिटं उशिरा सुटली.

सोमवार, ३ एप्रिल
फॅमिलीच्या फॉर्मवर सही केली. तो हिने फेकला नव्हता, माझ्या घडी केलेल्या कपड्यांखाली होता. कोणी आग्रह केला म्हणून नाही. सर्वेक्षणासाठी गावात काही वर्षं राहून पाहणं शास्त्रीयदृष्ट्या जास्त योग्य, म्हणून. उद्या स्वतः नेऊन देतो. हिला आधी सांगत नाही. चकित होईल.

मंगळवार, ४ एप्रिल
क्लार्कने फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. डागावर बोट ठेवून म्हणाला, हा काय शिक्का आहे? मग म्हणाला, काका, शेवटचं फॅमिली क्वार्टर गेल्या आठवड्यात कंपाउंडरला गेलं. पुढचं एक्स-रेवाले रिटायर होतील तेव्हा. कधी? त्याने बोटांवर मोजलं. सात वर्षांनी. मार्चमध्ये कुठे होतात? म्हटलं, सर्वेक्षण चालू होतं. सरकारी का? म्हणाला. मी फॉर्म घडी करून खिशात घातला.

गावात भाड्याची खोली मिळेल का, असं विचारणार होतो. मागे तीन माणसं उभी होती.

होस्टेलात पुरुषांना फक्त रविवारी, चार ते सहा, तेही भेटीच्या खोलीत. आज मंगळवार. हिची राहिलेली शाल वॉर्डनबाईंकडे देऊन परत आलो. फॉर्मचं हिला कळवलं नाही. चकित व्हायचं काही उरलं नव्हतं.

रविवार, ९ एप्रिल
भेटीची खोली. प्लास्टिकच्या आठ खुर्च्या, एक पंखा, वाढलेल्या वजनाचे तोटे सांगणारं पोस्टर. रजिस्टरमध्ये नातं: नवरा. भेटीचं कारण हा रकाना बराच वेळ रिकामा ठेवला. वॉर्डनबाई म्हणाल्या, भरावा लागतो. 'वैयक्तिक' असं लिहिलं.

ही चार पंचवीसला आली. बॅडमिंटन खेळत होती म्हणाली. हिला बॅडमिंटन येतं हे माहीत नव्हतं. म्हणाली, इथेच शिकतेय. केस कमी केलेत, तब्येत बरी दिसते. पोस्टमनला बुद्धिबळात दोनदा हरवलं म्हणे. तो विचारत होता, काटेवाले रागावलेत का?

म्हणाली, घरी काय विशेष? म्हटलं, काही नाही. निळा शर्ट वेगळा धुतला का? धुतला. नंतर पंख्याचा आवाज येत राहिला.

पाच पस्तिसापर्यंत हिने तीन जांभया दिल्या. नाइट ड्यूटी झालीय, म्हणाली. असेल.

सहाला घंटा झाली. ही गेटपर्यंत आली. म्हणाली, पुढच्या रविवारी येऊ नका हं, आम्ही सगळ्या सिस्टर ट्रिपला जातोय.

रविवार, १६ एप्रिल
चार ते सहा घरी बसलो होतो. सहाला उठलो. कशासाठी ते आठवेना. परत बसलो.