लाल दोऱ्याचं कणीस

सोलापूर, पौष वद्य द्वितीया, शके १८५९

तात्यानं ते कणीस हुरड्यात भाजलं. दहा वर्षं माझ्या रानात राबलेला सोबती म्हणून मी त्याच्यावर ते सोपवलं होतं.

साऱ्या रानात शाळूचं ते एकच ताट, ते एकच रोप वांझ. त्याच्या फुलांत परागच नव्हता. म्हणून तर लाखमोलाचं! दुसऱ्या ज्वारीचा पराग मी त्यावर झटकला, वर कापडी पिशवी चढवली. आता धरेल तो प्रत्येक दाणा संकराचाच. पिशवीला लाल दोरा तात्यानंच बांधला होता. मग विसरला कसा?

"इसरलो न्हाय, अण्णा," तो म्हणाला. "तुमचं पावणं आलं, बाकीची कणसं निबर झालती, ह्येच कवळं व्हतं. आन् वांझेचं बी पेरून आमची रानं वांझ करायची व्हय? गेलं, बरं झालं की."

म्हणजे मुद्दामच! संकराच्या बियाण्यावर मी गावोगाव भाषणं ठोकली. पहिल्या रांगेत बसून टाळ्या हाच वाजवायचा. त्याला एकदाही पटलं नव्हतं?

लाल दोरा मात्र त्यानं नीट गुंडाळून परत दिला.

आणि काल पाहुण्यांसमोर मीच म्हणालो होतो, "तात्या, ही मूठ फार गोड. आणखी आण."