सॅन्टनच्या गाडीतल्या लाकडी खुंट्या

मी, फर्डिनंड जोसेफ तुस्कानो, वय ६६, धंदा मोटारसायकल दुरुस्ती (आता बंद), राहणार वटार, ता. वसई, जि. ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. छातीत पाणी झाले आहे, अक्षर वाकडे येते, पण डोके जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी दारूही पाजलेली नाही. यापूर्वीचा माझा असा कागद कुठे निघालाच, तर तो खोटा समजावा.

१. वटारचे घर, पुढची केळीची वाडी आणि विहिरीतला अर्धा हिस्सा माझी पुतणी जॉयस हिला. माझी बायको अँजेलिना गेल्यापासून सहा वर्षे माझा डबा तिनेच पाठवला. या कागदात जे लिहायचे राहिले, किंवा जे कोणी नाकारले, तेही जॉयसचेच. तिचा भाऊ ज्युलियस याला काही नाही. त्याने माझा पान्यांचा संच नेला आणि पाच वर्षांनी दोन पाने कमी करून आणून दिला. ते दोन पाने हाच त्याचा वाटा.

२. गोखिवऱ्याचा गाळा, हत्यारांसकट, पाचूबंदरच्या लूर्डस हिला. ती माझा दिवंगत मित्र सॅन्टन घोन्सालविस याची बायको. तिलाच का, ते पुढे लिहिले आहे.

३. १९९५ साली सॅन्टनला मोटारसायकल हवी होती. मी नालासोपाऱ्यात त्याच्यासाठी एक जुनी पण चांगली गाडी हेरून ठेवली, मालकाला शब्दही दिला. या गृहस्थाने मला न विचारता विरारहून दुसरीच उचलली. मला त्याचा भयंकर राग आला. पावसाच्या तोंडावर तो गाळ्याच्या दारात येऊन उभा राहिला. “फर्डी, मागल्या ब्रेकच्या दांडीची पिन पडली रं. जरा बग ना.” मी मान वर केली नाही. म्हणालो, “ज्याच्याकडून घेतलीस त्याच्याकडं जा.” दोन मिनिटांचे काम होते. पिन माझ्या डब्यात होती.

सॅन्टन होडीवाला माणूस. होडीच्या फळीला भोक पडले की तो लाकडाची खुंटी ठोकायचा. लाकूड पाण्याने फुगते, आणि जितके भिजेल तितके घट्ट बसते. गाडीलाही त्याने तेच केले. पावसाळाभर ब्रेक झकास लागला. फर्डीपेक्षा बरे काम केले म्हणून बंदरावर मिरवायचा. मग उन्हाळा आला आणि खुंटी सुकली. २२ मे १९९६ च्या दुपारी उतारावर तो उभ्या ट्रकवर जाऊन आदळला. पुढचा ब्रेक पहिल्यापासून नावापुरताच होता.

त्या दिवशी बंदरावर लग्न होते, तिथूनच तो निघाला होता. मयताला जमलेल्या लोकांनी मला विचारले, तू मेकॅनिक, गाडीला काय झालं असेल? मी गाडी पाहिलीसुद्धा नव्हती. म्हणालो, “गाडीला काय होणार? प्यायला असेल.” मी सांगितले म्हणून तेच खरे धरले गेले. तेव्हापासून लूर्डसला बेवड्याची बायको म्हणतात. ती कोणाच्या लग्नाच्या मांडवात बसत नाही.

४. ती मोडकी गाडी मी तिच्याकडून विकत घेतली. लोक म्हणाले, फर्डीने उपकार केले. गाळ्यात खोलली, तर मडगार्डला खुंटी, पायदानाला खुंटी, बॅटरीच्या झाकणाला जाळ्याचे नायलॉनचे सूत, सुबक गाठ मारून. ब्रेकच्या दांडीचे भोक तेवढे रिकामे, आणि कडेला लाकडाचे एक कुसळ अडकलेले. तिथली खुंटी सुकून गळाली होती. जीव नकोसा झाला.

त्याचे सगळे काम उपसून काढले, सगळे नवे घातले. आठ वर्षांत तीनदा ब्रेक बदलला. तरी उतार आला की पायाखालचे पेडल पोकळ जाते. गाडी थांबते, पाय मात्र खाली खाली जात राहतो. इंजिन तापले की सुक्या बोंबलाचा वास येतो. गाळ्याच्या दारात भर दुपारी सावली पडली की मी आधी मान वर करतो. पापनिवेदनात सांगितले, फादरनी प्रायश्चित्त दिले, मी ते केले. सॅन्टन गेला नाही. तो मला काही करत नाही, बोलत नाही. नुसता वाट बघत उभा असतो.

ही गाडी कोणाला देऊ नये, विकू नये. तोडून भंगारात घालावी.

५. कलम ३ व ४ माझ्या मरणानंतर पाचूबंदरला, मासळीचा लिलाव भरलेला असताना, वकील कौस्तुभ देवस्थळी यांनी मोठ्याने वाचावे. सॅन्टन प्यायला होता की नाही, हे मला ठाऊक नव्हते, आणि तरी मी बोललो. ब्रेक नव्हता, हे मात्र मला ठाऊक आहे.

६. हे कलम सहीच्या आधी, आत्ता वाढवतो. गाळ्याचे सांगायला म्हणून लूर्डसला घरी बोलावले होते. तिने वरचा सगळा कागद दोनदा वाचला. दिलेल्या पाण्याला हात लावला नाही. मग वकिलांना विचारले, “साक्षीदाराची सही कुटं करायची?”

वकील म्हणाले, “बाई, साक्षीदाराला या कागदातून काही मिळत नाही. सही केलीत तर गाळा जाईल.”

“मना गाला नको,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “नि मेल्यावर वाचून काय? मेल्यावर तुला सोपं. उद्या सकाली बंदरावर ये. तुज्या तोंडानं सांग.”

मी म्हणालो, “लोक तोंडावर थुंकतील.”

“माज्यावर आठ वरसं थुकतान.”

तिने माझ्याआधीच पेन उचलले. वकिलांनी थांबवले, आधी माझी सही लागते म्हणून. तेव्हा कलम २ तिने मोडले, आणि कलम ५ मी या ओळीने रद्द करतो. उद्या जातो. मला फार भीती वाटते आहे, हेही लिहून ठेवतो.

स्थळ: वटार
दिनांक: १३ नोव्हेंबर २००४

(सही) फर्डिनंड जोसेफ तुस्कानो

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत यांनी सही केली, म्हणून आम्ही करतो:
१. (सही) कौस्तुभ देवस्थळी, वकील, वसई
२. (सही) लूर्डस सॅन्टन घोन्सालविस, पाचूबंदर