टप मीच लावला

अमरावती, चैत्र वद्य पंचमी, दिवेलागण

आज शेजारच्या मनूचं साक्षगंध झालं, सोयरीक पक्की झाली. नवरामुलगा, अकोल्याच्या कापसाच्या जिनवाल्या शेठचा मुलगा, उघड्या मोटारीतून आला. अशीच मोटार घ्यायची, कापडी टप खाली करून मनूला बडनेरा रोडनं फिरवायचं, या वेडापायी मी कॉलेज सोडलं, वर्कशॉपात हात काळे केले. शिकलो काय? दुसऱ्याच्या मोटारीचा टप लावायला.

त्याच मोटारीतून बायकांना अंबादेवीच्या दर्शनाला न्यायचं ठरलं. मनू मागे बसली, वर आभाळाकडे पाहून हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं?

तेवढ्यात तिचे वडील, वकीलसाहेब, म्हणाले, "टप लावा, लोकं पाहतीन." ड्रायव्हरला टपाचा चाप बसवणं जमेना. मग मला हाक आली, "बापू, तुले येते न हे?"

मनू हळूच म्हणाली, "राहू द्या ना बाबा खुला."

वकीलसाहेब माझ्याकडे पाहून राहिले. 'चाप अडकला' एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते हसू त्या शेठच्या मुलाच्या मोटारीतलं होतं, मला बघवेना. मी टप ओढला, चाप घट्ट दाबला.

मोटार निघताना मनूनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या लेखी आता मीही तिचं आभाळ झाकणाऱ्यांतलाच.