बोटभर आत

प्रिय टॉर्किल,

पत्राच्या शेवटी तू दर वेळी एकच ओळ लिहितोस, 'बाबा ठीक ना?' आणि मीही दर वेळी 'ठीक' लिहून मोकळी होते. या खेपेला तो शब्द लिहायला हात धजावत नाही. म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते, मग तिथे येते.

गावच्या खेळांना आणि किल्ट घालून निघणाऱ्या मिरवणुकीला पाच आठवडे उरलेत आणि हिवाळ्यात आपलं पोट सुटलंय हे अर्ध्या गावाला आत्ता आठवलंय. माझ्या शिवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. काल पोस्टमन हेक्टर आला. मी टेप लावला तसा पोट आत ओढून उभा. म्हटलं, बाबा रे, श्वास सोड, नाहीतर मिरवणुकीत बक्कल तुटेल आणि गावाला नको ते दर्शन घडेल. पण हाच हेक्टर किल्ट चढवल्यावर आरशासमोरून हलेना. वर्षभर खांदे पाडून पत्रं वाटणारा माणूस, पाठीमागे आठ वार लोकरीच्या निऱ्या झुलायला लागल्या की ताठ होतो. कमरेला ऊब, गुडघ्यांना वारा, आणि पावलागणिक मागून मिळणारा तो हलका झोका. तीस वर्षं शिवतेय, तरी पुरुषांचं ते बदललेलं चालणं बघायचा मला कंटाळा येत नाही.

न्यूझीलंडचा तो गृहस्थ आठवतो? पत्रातून माप पाठवलं होतं आणि मी भाबडेपणाने शिवलंही. त्याने पँटचं माप दिलं होतं, पोटाच्या खालचं. किल्ट बसतो बेंबीपाशी. बिचाऱ्याला तो निम्मासुद्धा पुरला नाही. तेव्हा तुझे बाबा आठवडाभर हसत होते. त्या दिवसापासून मी पोस्टाने माप घेत नाही.

आता बाबांचं. मार्चमध्ये त्यांनी किल्ट आणून टेबलावर टाकला. म्हणाले, लोकर सैल पडलीय, बक्कल बोटभर आत घे. घेतलं. मे महिन्यात पुन्हा बोटभर. तुझ्या आजोबांनी विणून घेतलेली ती लोकर पन्नास वर्षांत केसभर सैल पडलेली नाही, हे मला ठाऊक आणि त्यांनाही. मे अखेरीस ते एकटेच इन्व्हरनेसला गेले, बॅगपाइपची नवी पत्ती आणतो म्हणून. संध्याकाळी हात हलवत परत आले. पत्ती मिळाली नाही म्हणाले, आणि जेवणाचं ताट तसंच सरकवून ठेवलं. मी खोदून विचारलं तर म्हणाले, रस्सा खारट झालाय. त्या दिवशी मी मीठ घालायलाच विसरले होते, टॉर्किल.

गेल्या रविवारी बॅगपाइप पथकाचा सराव होता. मी नेहमीसारखी मागे उभी राहिले. निऱ्या मागूनच बघायच्या असतात. पुढे चालणाऱ्या तुझ्या बाबांच्या निऱ्या डावीकडे ओढल्यासारख्या हलत होत्या. पुलापाशी ते थांबले आणि बॅगपाइप मागून येणाऱ्या ॲलिस्टरकडे देऊन बाजूला झाले. बूट सैल झाला म्हणाले. पुलाच्या कठड्याला धरून बराच वेळ खाली वाकून राहिले. बुटाची गाठ पक्की होती, मला लांबूनही दिसत होती. मला भीती वाटली, आणि तेव्हापासून ती गेलेली नाही.

तू जाताना या किल्टला काय म्हणालास ते मी विसरले नाही. पर्यटकांनी फोटो काढावेत म्हणून नाचायचं कापड. त्यांनी ते ऐकून घेतलं. चार वर्षांत तुझं नावही फारसं काढलं नाही. पण दर शनिवारी ते पोस्टाच्या वेळेला बाहेर बाकावर बसतात, आणि हेक्टर रिकाम्या हाताने पुढे गेला की उठून आत येतात.

आजोबांचा हाच किल्ट तुला कधी मिळाला असता ते तुला माहीत आहे. आपल्या घरात धनी हयात असेपर्यंत त्याचा किल्ट कुणी दुसऱ्याच्या मापाचा करत नाही. आजोबांना पुरून आल्यावर, त्याच आठवड्यात, मी पहिली निरी उसवली होती. बाबा शेजारी बसून दोरे वेचत होते.

परवा सकाळी ते खोलीत आले. मला वाटलं, पुन्हा बक्कल. त्यांनी किल्ट टेबलावर ठेवला, हात फिरवून निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाले, "इशबेल, खेळ झाले की हा सगळा उसव. टॉर्किलच्या मापाचा कर."

मी म्हटलं, "अजून तुम्ही घालताय ना?"

ते म्हणाले, "यंदा घालतो. त्याला बाकी काही लिहू नकोस. माप तेवढं मागव."

एवढं बोलून बागेत गेले. मी कात्री हातात घेऊन बसून राहिले आणि पोटभर रडले. मग कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तर हे पत्र माप मागवण्यासाठी आहे. पण तू ते लिहून पाठवू नकोस. पाठवलंस तरी मी पाकीट उघडणार नाही. कंबर मला माझ्या हाताने मोजायची आहे. आणि लांबी कशी बघतात ते तुला लहानपणापासून माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या फरशीवर गुडघे टेकून बसायचं आणि किल्टची कड जमिनीला लागत नाही ना, हे समोरच्या खुर्चीवरून बाबांनी बघायचं. माझी चूक काढायला ते समोर लागतातच. त्या खुर्चीत ते बसलेले असतील, तोवर ये.

टेप गळ्यात घालून बसलेली,
तुझीच
आई