झाकणापाशी कोण

५ मार्च २०१६, शनिवार

एकटा माणूस कधीच का मरत नाही?

ही बातमी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येते. मैल्याच्या टाकीत तिघे गुदमरले. आडात चौघे. बायोगॅसच्या खड्ड्यात बाप आणि दोन मुलगे. गावे बदलतात, आकडा मात्र एकावर थांबत नाही. विजेच्या खांबावर माणूस एकटा मरतो, यंत्रात सापडून एकटा मरतो. बंदिस्त जागेत तो सोबत घेऊन जातो. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो — हे विचित्र आहे, असे कोणाला वाटतच नाही!

उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. पहिला मरतो हवेमुळे. दुसरा मरतो पहिल्यामुळे.

हेच वाक्य निबंधाच्या आरंभी घातले होते. आज कळले की निबंध स्वीकारला गेला! हैदराबादला राष्ट्रीय सुरक्षा व आरोग्य अधिवेशन. देशभरातले कारखाने, खाणी, बंदरे, रसायनवाले — आणि त्या सभागृहात आपल्या दुष्काळी भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा सुरक्षा अधिकारी पंधरा मिनिटे बोलणार. आनंदाने दोनदा चहा घेतला. मग कचेरीत पाणी भरणाऱ्या बाईचा चेहरा आठवला आणि दुसऱ्या कपाची लाज वाटली.

८ मार्च, मंगळवार

गाळप लवकर आटोपले. ऊसच नाही. ऊस टाकायच्या गव्हाणीत चिमण्या बसतात.

राधाकिशन आप्पांनी — आमचे चेअरमन — बोलावून घेतले. कारखान्याच्या आवारात जनावरांची छावणी चालू आहे. टँकर येतो तेव्हा पाणी साठवायला जागा नाही. आप्पांनी खिडकीतून मळीच्या टाकीकडे बोट केले.

"ती रिकामीच हाय ना? धुवा आन पाणी भरा. जनावरं काय ठराव पितील व्हय?"

मळी म्हणजे साखर काढून उरणारा काळा पाक. टाकीतून तो उपसला तरी तळाशी घट्ट थर राहतो. मी शांतपणे, क्रमाने सांगितले. थराला ओल लागली की तो आंबतो. आंबला की वायू सुटतो. वायू हवेहून जड. तो वर येत नाही, तळाशी पाण्यासारखा साचतो — फक्त दिसत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास देणारा दुसरा एक वायूही त्यात असू शकतो. तो अधिक कपटी, कारण जास्त झाला की नाकच बधिर करतो. माणसाला वाटते, वास गेला. म्हणून आधी भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचे, पंख्याने ताजी हवा आत ढकलायची, वायुमापकाने मोजायचे, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला वेगळा दोर बांधायचा.

आप्पा मन लावून ऐकत होते. ऐकून म्हणाले, "साहेब, तुमी लई छान सांगता. पर भरपूर पाणी असतं, तर टाकी कशाला धुतली असती?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. प्रश्न चोख होता!

शेवटी ठरले. मी अधिवेशनाहून परत आल्यावर, माझ्या देखरेखीत. "तुमी येस्तोवर झाकणाला हात लागणार न्हाई. शब्द हाय आपला."

बाहेर आलो तर टाकीचा पत्रा उन्हाने तडकल्यासारखा वाजत होता. तापलेले लोखंड असे वाजतेच. त्याला शास्त्रीय कारण आहे. तरीही उभा राहून ऐकत राहिलो.

१० मार्च, गुरुवार

आज पहिला पाठ.

टाकीच्या कामाला आश्रुबा आणि छबुबाई हे धर्मापुरीकडचे कोयते निवडले आहेत. चुकलो — एकच कोयता. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत; नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते. हंगाम संपला तरी गावी पाणी नाही म्हणून बैलांसह छावणीतच राहिले आहेत. त्यांचा मुकादम उत्तरेश्वर त्यांना कामाला लावतो, आणि त्याच्या लेखी कोणतेही काम असो, जोडी फुटत नाही. टाकीतसुद्धा एक आत, एक वर.

बादलीचा प्रयोग करून दाखवला. तळाशी खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्वाचे पाणी, फसफसले. मग तारेला मेणबत्ती बांधून हळूहळू आत सोडली. काठाशी जळत होती. अर्ध्यावर जळत होती. थोडी आणखी खाली — आणि फुंकर न मारता विझली! हा क्षण मला अजून लहान मुलासारखा आवडतो.

छबुबाईने बादलीत डोकावून पाहिले. "पानी बी न्हाई, काई बी न्हाई. मंग बुडाली कशात?"

इतका अचूक शब्द! बुडाली. हैदराबादला हाच वापरणार.

उत्तरेश्वर तंबाखू मळत उभा होता. "काय बे आश्रुबा, शाळा सुटली का न्हाई? साहेब, ह्याला मेणबत्ती नगा दाखवू, घाबरंल. हा म्हशीला भितो."

"म्हशीला न्हाई भीत," आश्रुबा म्हणाला, "म्हशीसारख्या मानसाला भितो."

छबुबाई पदर तोंडाला लावून हसली. उत्तरेश्वरने आश्रुबाच्या आईवरून एक शिवी दिली आणि सरळ निघून गेला. या माणसाला कोणाची माया नाही. छावणीत कोणी आजारी पडले, तरी हा आधी विचारतो, "कामावर येतंय का न्हाई?"

वर छबुबाई राहील असे ठरवले. विचार केला तर यात केवढे शहाणपण आहे! पुस्तके सांगतात, झाकणापाशी दक्ष माणूस ठेवा, त्याचे लक्ष क्षणभरही ढळता कामा नये. बायकोइतके लक्ष कोण ठेवील? आमच्या लोकांची ही जोडीची रीत म्हणजे आयती सुरक्षाव्यवस्था आहे. निबंधात नवा परिच्छेद जोडला.

तिला विचारले, "आश्रुबाने ओ दिली नाही तर काय करशील?"

"वरडीन. पंखा चालू हाय का बघीन. दोर वढीन. आत जानार न्हाई." पाठ अगदी पक्का.

१२ मार्च, शनिवार

टँकर आला नाही. छावणीत एक गाय बसली ती उठली नाही. भाषणाची तालीम केली.

१४ मार्च, सोमवार

घाटनांदूरहून गाडीत बसलो. सोबत बादली, मेणबत्त्या आणि कारखान्याचा एकुलता एक वायुमापक. प्रात्यक्षिकात आकडे दाखवले की श्रोते जागे होतात. टाकी बंदच राहणार आहे, तेव्हा तिथे त्याचा उपयोग नव्हता.

पोचवायला आश्रुबा आला होता. पिशवी डब्यात ठेवली. खिडकीशी उभा राहिला. "साहेब, तिकडं पाऊस असंल का?"

म्हटले, मार्चमध्ये कुठेच नसतो.

"न्हाई, इचारलं आपलं."

गाडी हलल्यावरही तो फलाटावर उभा होता. हात वर केला नाही, नुसता पाहत होता. मला उगाचच गाडी थांबावीशी वाटली.

१६ मार्च, बुधवार

भाषण झाले! मेणबत्ती विझली तेव्हा पाचशे माणसांच्या सभागृहात कुजबुज उठली. 'बुडाली' हा छबुबाईचा शब्द हिंदीत सांगितला, टाळ्या पडल्या. जोडीच्या रीतीवर तर मी विशेष रंगलो — झाकणापाशी पत्नी, जगातली सर्वांत दक्ष पहारेकरी.

मग प्रश्न. मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. झरियाच्या कोळसा खाणींत बचाव पथकाचे प्रशिक्षण देत होत्या, आता निवृत्त. आवाज अगदी मऊ.

"बेटा, वो ऊपर खड़ी है, ठीक है. आदमी ने जवाब नहीं दिया. अब वो कहाँ है?"

मी म्हणालो, वरच. तिला शिकवलेले आहे.

त्या उभ्याच होत्या. नुसत्या बघत राहिल्या. आणि मला माझेच वाक्य ऐकू आले — दुसरा मरतो पहिल्यामुळे. मी ते भाषणाच्या आरंभी म्हटले होते आणि दहा मिनिटांनी त्याच्या नेमके उलटे शिकवून बसलो होतो! जो सर्वांत जास्त पाहतो तोच सर्वांत आधी उतरतो.

चहाच्या वेळी त्यांना गाठले. त्यांच्या पथकात दोन भाऊ एका पाळीत ठेवत नसत, असे त्या म्हणाल्या. पुढे आणखीही काही सांगू लागल्या होत्या, तेवढ्यात मला कोणीतरी छायाचित्रासाठी ओढून नेले.

सभागृहाबाहेरून लगेच उत्तरेश्वरला फोन लावला. म्हटले, मी आल्यावर काम सुरू होईल, तेव्हा छबुबाई झाकणापाशी नको. ती लांब, लिंबाखाली बसेल. वर तू थांबायचे.

"मी? माझा काय संबंध?"

म्हटले, तेवढ्यासाठीच. तुझा संबंध नाही म्हणून.

तो मोठ्याने हसला. "ते खरं हाय साहेब. आपुन काय कुनामागं उडी घेणारे न्हाई. मुकादमच उड्या घ्यायला लागला तर टोळी चालंल का?"

फार मोठे ओझे उतरले. झाकणापाशी परका माणूस हवा: प्रेम न करणारा. नियम म्हणून किती निष्ठुर वाटतो, आणि किती निर्दोष आहे! पुढच्या निबंधाचा विषय मिळाला.

१७ मार्च, गुरुवार

सकाळच्या सत्रात लक्ष लागेना. उत्तरेश्वरला पुन्हा फोन केला, सहज.

"काम चालू हाय की. एक टँकर आत सोडला सोमवारी, तुमची गाडी गेल्यावर. भिजत घातलंय."

"भिजत?"

"दगड झालाय नुसता तळाला. मऊ पडल्याबिगर खरवडंल कसा? आन धुवायला दुसरा टँकर कोन देतंय? पानी वाया जाऊ द्यायचं न्हाई, आप्पा म्हनले."

पाण्याच्या दुष्काळात माणूस तूरडाळ भिजवतो तसा यांनी मळीचा थर भिजवला. मोजक्या पाण्यात, तापल्या लोखंडात, झाकण लावून — आंबवण्यासाठी याहून चांगली योजना मलाही करता आली नसती.

आप्पांना लावला. त्यांच्या आवाजात लगीनघरची गडबड. शनिवारी मोठे पाहुणे छावणीवर येणार. टाकीला तोटी बसवून त्यांच्या हस्ते सोडायची आहे. मी सगळे पुन्हा सांगितले, क्रमाने, शक्य तितक्या शांतपणे. वायू जड असतो. तळाशी साचतो. दिसत नाही.

"साहेब, तुमी शिकवलंय ना त्यांना? मंग झालं तर. तुमच्याच हाताखाली तयार झालेली मानसं हायती."

म्हटले, शब्द दिला होता.

"शब्द मोडला का? टाकीत अजून कोन उतरलंय? तुमी अधिवेशन उरका निवांत."

व्यासपीठावर कोणीतरी शून्य अपघाताची शपथ वाचत होते. सगळे उभे होते. मीही हात पुढे करून उभा राहिलो. ओठ हलत होते.

१८ मार्च, शुक्रवार

समारोपाला थांबलो नाही. सकाळची गाडी चुकली. दुपारच्या गाडीत उभ्याने जागा मिळाली. आप्पा फोन उचलत नाहीत. उत्तरेश्वरचा वाजतो, वाजतो, आणि बंद पडतो.

त्याला सकाळी एकदा गाठले होते. म्हटले, मी येईपर्यंत कोणाला उतरू देऊ नकोस. म्हणाला, "आप्पांची गाडी उभी हाय हितं, मी काय करू? तुमी भिऊ नगा. छबुबाईला लांब बसवलंय तुमच्या सांगन्यापरमानं. वर मी हाय." दोर आहे का, विचारले. "हाय की. बादली वढायला लागतोय." माणसाला वेगळा दोर — असे ओरडलो, तेव्हा फलाटावरची माणसे वळून पाहू लागली. फोन कधी तुटला, कळले नाही.

घाटनांदूर अजून दूर आहे. खिडकीतून शेते जातात, सगळी एकाच रंगाची. स्वतःला समजावतो आहे: निदान ती जोडी जोडीने जाणार नाही. झाकणापाशी दगडासारखा माणूस आहे.

१९ मार्च, शनिवार

काल दुपारी आश्रुबा आत उतरला आणि थोड्या वेळाने त्याची ओ येईना. झाकणापाशी उत्तरेश्वर होता. पाहणारे सांगतात, तो क्षणभरही थांबला नाही. "ऊठ बे, सोंगं करतो का," असे म्हणत, शिव्या देत शिडीवरून उतरला. दोघेही गेले.

छबुबाई लिंबाखालीच बसून आहे. मला पाहून उठली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मुकादमाची लेकरं लहान हायती, साहेब. माझ्या जागी त्याला कावून उभा केला?"

माझा नियम चुकीचा होता. प्रेमाचा यात संबंधच नव्हता. परका असा कोणी नसतो, किंवा असतो तो विचार करायला लागल्यावर; आणि तेवढा वेळ तिथे कोणालाच मिळत नाही. हे पडताळायला टाकी लागत नाही, वायुमापक लागत नाही. भर बाजारात एखाद्या अगदी अनोळखी माणसाजवळ ठेच लागल्यासारखे पुढे कोलमडावे. त्याच्या तोंडाकडे पाहू नये. हाताकडे पाहावे.