नाव बदला म्हणे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

मराठी बंधु-भगिनींनो, हा कॉम्प्युटर आपल्याला दारातूनच परत पाठवतो! — समोर सभा नाही, वही आहे. पण राग आला की मला दुसरी सुरुवात सुचत नाही.

दादाच्या बस चालवायच्या गेमला माळशेज घाटाचा नवा भाग आलाय. तो वेगळा उतरवून मूळ गेमला जोडायचा. दादा त्याला ‘जादा गाडी’ म्हणतो. ठाण्याच्या खोपट डेपोतून तेवीस वर्षं माळशेजवर एसटी नेलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! सकाळपासून चारदा विचारलं, “सुमे, जादा सुटली का?” नाही सुटली. ‘फोल्डर सापडत नाही.’ इतकंच, तेही इंग्रजीत.

शुक्रवारी त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. डावा आधीच गेलाय. डॉक्टर म्हणाले, “नंतर किती दिसेल, ते आज सांगता येत नाही.” त्याआधी एकदा घाट बघायचाय त्याला.

५ फेब्रुवारी

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर पाऊण तास एकच पिपाणी. किळस आली! शेवटी अंतरा नावाची मुलगी. ती हिंदीत, मी मराठीत. मी हटले नाही, तेव्हा तीही मराठीत आली. शेजारच्या कल्याणचीच निघाली!

“मॅडम, फोल्डरला नाव काय दिलंय?”

“सहदेव. माझ्या भावाचं.”

“इंग्लिशमध्ये?”

“देवनागरीत. का?”

“मग तेच! हा नवा भाग देवनागरी वाचतच नाही. इंग्लिश नाव टाका, दोन मिनिटांत होईल.”

घाट आमचा, लाल गाडी आमची, आणि नाव तेवढं बाटवायचं! मराठी पाट्यांसाठी टेंभी नाक्यावर भर उन्हात बोललेली बाई मी. म्हटलं, “बदलणार नाही. तक्रार वर पाठव. शुक्रवारी त्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी दुरुस्त व्हायला हवं.”

“पाठवते हो. पण शुक्रवारच्या आत नाही व्हायचं.”

६ फेब्रुवारी

उत्तर नाही. दोन पानी पत्र धाडलं.

दादा म्हणाला, “अगं, पाटी नसली तर मी काचेवर खडूने गाव लिहायचो. पाटीसाठी गाडी अडवून नाही ठेवली कधी.”

मी त्यालाही सुनावलं — स्वाभिमान, भाषा, सगळं! तो चष्मा पुसत त्या बंद खिडकीसारख्या स्क्रीनपुढे बसून राहिला.

७ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ, डॉक्टर म्हणाले.

८ फेब्रुवारी

दादाला घरी आणलं. आठवडाभर पालथं झोपायचंय, डोळ्यावर पट्टी.

कंपनीचं उत्तर आलं : ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.’ थू! पण थुंकायचं कुणावर? मुद्दा माझाच खरा होता, आजही आहे. तो मांडायला मला उभा जन्म होता. दादाकडे दोन दिवस होते, आणि ते मी घेतले. इंग्रजी सात अक्षरं फक्त! स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

९ फेब्रुवारी

नाव बदललं. घाट उघडला. की-बोर्डवर मी. दादा पालथा, कान इंजिनाकडे. उशीतूनच ओरडला, “उतार लागला! ब्रेकवर विसंबू नकोस. सुमे, दुसरा गिअर टाक!”