डाव्या हातातली थरथर

बाई, तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि मी आता तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण मला भीती वाटते आहे आणि ती घरात कुणाला सांगण्यासारखी राहिलेली नाही. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सध्या मानेजवळ बसवलेल्या नळीतून. ती नळी कायमची नाही, म्हणून दोन महिन्यांपूर्वी डाव्या मनगटात एक धमनी आणि एक शीर जोडून दिली. त्याला फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगून जाड झाली की पुढे सुया तिच्यातच टोचायच्या. जोड चालू असला की बोटांखाली थरथर लागते, भिंतीपलीकडे फ्रिज चालू असावा तशी. थरथर थांबली म्हणजे जोड बंद पडला. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवते, आणि ती टेकेपर्यंतचा क्षण फार वाईट असतो.

सदाशिव पेठेतल्या त्या हॉलमध्ये तुम्ही आम्हा मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायचात. छताला टांगलेले दोर, खाली काथ्याच्या गाद्या, आणि तुम्ही नऊवारी कसून उभ्या. कुणी दोराशी घुटमळली की म्हणायचात, "आपण दोराची ओळख करून घेताय का? झाली असेल तर चढा." मला अजून हसू येतं. त्या वेळी रडू यायचं.

डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला तेव्हा मला वाटलं, हा तर आपला प्रांत. मऊ चेंडू हळूहळू दाबायचा, सोडायचा. चालायचं, पण दम लागेपर्यंत नाही. त्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर घड्याळ नाही, बांगडी नाही, बीपीचा पट्टा नाही, झोपताना तो अंगाखाली घ्यायचा नाही. आमच्या ह्यांनी तर सगळं पाठ केलंय. भाजीची पिशवी हातात दिसली की, "अगं, ठेव ती! माझे हात काय शोभेचे आहेत?" वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या बागेत मी रोज सकाळी चेंडू दाबत फेऱ्या मारते. बरोबरीच्या बायका माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलतात की मला ओरडावंसं वाटतं.

त्याच बागेत व्यायामाचा एक आडवा बार आहे. गेल्या रविवारी आसपास कुणी नव्हतं. मी चेंडू बाकावर ठेवला, दोन्ही हातांनी बार धरला आणि पाय उचलले. सगळं वजन हातांवर. दहा मोजले. मग आणखी पाच. डाव्या हाताला मुंग्या आल्या, बोटं सुन्न झाली, तरी मी लटकतेच आहे. खाली उतरले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं.

सोमवारी सकाळी मनगटावर बोटं ठेवली तर काही नाही. वर सरकवली, खाली सरकवली. काही नाही. ह्यांनी कान लावला. मग काही न बोलता पायात चपला सरकवल्या. रिक्षात मी हात मांडीवर धरून बसले होते आणि मनात एकच, हा गेला तर दुसऱ्या हातात, तोही गेला तर कुठे?

डायलिसिसच्या सिस्टरने स्टेथोस्कोप लावला. "काकू, काय उचललंत?" बारला लटकल्याचं मी तिला सांगितलं. सोनोग्राफी झाली. प्रवाह आहे, पण मंदावलाय. गुठळी नाही, सूज आहे. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात वाचलात. पुन्हा थरथर लागली नाही तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. पण लटकायला कुणी सांगितलं तुम्हाला?" हे बाहेर फोनवर होते, तेवढं बरं. मी म्हटलं, "आमच्या मल्लखांबाच्या बाईंनी. हात सुन्न झाला तरी सोडायचं नाही, असंच शिकवलंय त्यांनी." डॉक्टर हसले. "बाईंना सांगा, हा हात आता माझ्या तालमीत आहे."

बाई, तुम्ही असं कधीच शिकवलं नाहीत. मी अकरा वर्षांची असताना पायाचा अंगठा बधिर झाला तरी दोरावरून उतरत नव्हते, कारण खाली सगळ्या मुली बघत होत्या. तुम्ही मला कमरेला धरून उतरवलंत, गादीवर बसून माझं पाऊल आपल्या मांडीवर घेतलंत आणि रंग येईपर्यंत चोळलंत. मग म्हणालात, "सुन्न झालं की उतरायचं. जिला उतरता येत नाही तिने चढू नये." पुढचा आठवडाभर माझ्याकडून फक्त उतरणंच करून घेतलंत. मला तो अपमान वाटला होता.

आज सकाळी थरथर लागली, पण बारीक. ती खरंच आहे की मला हवी आहे म्हणून लागते, ते मला कळत नाही. ह्यांना मी म्हटलं, छान लागते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. उद्या डॉक्टर विचारतील, तेव्हा खरं सांगेन असं ठरवलंय, थरथर बारीक आहे हेही आणि ते तुमचं शिकवणं नव्हतं हेही. मी परवाही ठरवलं होतं. पण तुमच्यावर ढकललं ना बाई, तेव्हा दोन मिनिटं मला अजिबात भीती वाटली नाही.